आठ श्वासांचं पान

त्यांच्या घरात भुतं उतरवायची, पुरलेलं धन शोधायची आणि वैऱ्याची वाचा बंद करायची अशी मिळून बेचाळीस पुस्तकं होती, आणि त्यांना स्वतःला भीती वाटायची ती फक्त थुंकीची.

पान उलटताना बोट जिभेला लावणारा माणूस त्यांना खपत नसे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की शिक्षण विचारलं नाही. एक जुनी पोथी पाटावर ठेवली आणि म्हणाले, "तीन पानं उलट." मी उलटली. ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. तिसऱ्या पानानंतर म्हणाले, "सरी," म्हणजे कानडीत ठीक. "उद्यापासून ये." ही परीक्षा होती हे मला परतताना बसमध्ये कळलं. त्यांना वाचण्याइतकं दिसत नव्हतं, पण ओलं बोट पानावर वेगळं वाजतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सगळी बळेपेठ त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. शहरातल्या एका ग्रंथालयाला त्यांच्या संग्रहाची इंग्रजीतून यादी हवी होती. वडिलांच्या ऑफिसातल्या कुणीतरी माझं नाव सुचवलं, कारण मी बी.ए. होऊन घरी बसले होते, माझं अक्षर चांगलं होतं आणि मी बोलत नसे. यातला शेवटचा गुण अण्णांनी मुद्दाम मागितला होता. आम्ही नुकतेच जयनगरच्या नव्या घरात राहायला गेलो होतो. तिथल्या सरळ, रिकाम्या रस्त्यांवरून बस धरून मी आठवड्यातून तीन दुपारी बळेपेठेच्या बोळात जात असे.

बेचाळीस पुस्तकं म्हटल्यावर मला वाटलं होतं, कामाला पंधरा दिवस लागतील. दीड वर्ष लागलं. कारण मला वाचताच येत नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी आमच्या घरात होती, पण ती कानापुरती. देवनागरीसुद्धा मी बोट ठेवून वाचायची. आणि अण्णांचा निम्मा संग्रह मोडी लिपीत होता.

"मग शीक," ते म्हणाले. "इंग्रजीत एवढं अवघड स्पेलिंग शिकलात, त्यापुढं हे काय आहे, कॉन्व्हेंटक्का?"

हे नाव त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी दिलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी. आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढायची. मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जायची, दोरीवर कपडे वाळत घालतात तशी. मधे हात उचलायचा नाही. मी पाटीवर लिहीत असे आणि ते पेन्सिलीचा आवाज ऐकत. "उचललास हात," ते म्हणत. मी खरोखरच उचललेला असे.

डोळे त्यांचे मधोमध गेले होते. कडेचं थोडं दिसे, समोरचं नाही. म्हणून एखादी वस्तू नीट बघायची असली की ते मान वळवून, तिच्याकडे दुर्लक्ष केल्यासारखं, कडेने बघत. नव्या माणसाला वाटे, आपल्याशी बोलायची यांची इच्छा नाही. डॉक्टरांनी चष्म्याचा उपयोग नाही म्हणून सांगितलं होतं. एक मोठं भिंग होतं. ते धरलं की एक अक्षर दिसे, कधी अर्धंच.

"अक्षर दिसून काय करू?" ते म्हणत. "मोडीत अक्षराला काय किंमत? ओळ दिसली पाहिजे."

घरात त्यांची धाकटी विधवा बहीण होती. मी तिला अत्या म्हणायची. घराचे नियम तीन आणि ते राबवायचं काम अत्यांचं. पुस्तक उंबऱ्याबाहेर जायचं नाही, हा पहिला. पुस्तकाला हात लावायच्या आधी आणि नंतर हात धुवायचे, हा दुसरा. आणि वाचायला आलेला माणूस खाल्ल्याशिवाय जायचा नाही. बहुतेक वेळा उप्पीट असे, कधी दहीभात. भूत उतरवायला आलेल्यांनाही तेच.

कारण अशीही माणसं येत. अण्णांकडे मंत्रतंत्राची पुस्तकं आहेत म्हणजे अण्णांना मंत्र येत असणार, अशी समजूत लांबलांबपर्यंत पसरली होती. एकदा यशवंतपूरच्या बाजारातला एक मोठा व्यापारी आला. त्याला समोरच्या दुकानदाराची वाचा बंद करायची होती. अण्णांनी मला पुस्तक काढायला लावलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"मला कशाला, तुम्हीच करा की," व्यापारी म्हणाला.

"वैरी तुमचा की माझा? वाचा तुम्ही. ही पोरगी मदत करेल."

मी अडखळत वाचून दाखवलं. एकाच रंगाच्या शेळीचं दूध हवं होतं. सात चौकांतली माती हवी होती आणि ती शुक्रवारी, कुणाशी एक शब्दही न बोलता गोळा करायची होती.

"शुक्रवारी?" व्यापारी दचकला. "शुक्रवारी बाजार असतो हो. न बोलता कसं जमेल?"

"मग त्या दिवशी बंद पडेल ती तुमचीच वाचा," अण्णा म्हणाले. "स्वल्प विचार करा. तोवर उप्पीट घ्या."

त्याने दोनदा उप्पीट घेतलं. पुढे तो अधूनमधून येऊ लागला. वाचा बंद करायचं पुन्हा बोलला नाही. अत्यांशी डाळींच्या भावाबद्दल बोलत बसे.

"तुमचा विश्वास आहे यावर?" मी एकदा धीर करून विचारलं होतं.

"भुतांवर?" अण्णा म्हणाले. "माहीत नाही. पण कुणीतरी दिव्यापाशी बसून, पाठ मोडून, हे सगळं लिहून काढलं. त्या माणसावर माझा विश्वास आहे."

त्या बेचाळिसांतलं एक बाड त्यांच्या बायकोच्या हातचं होतं. बाड म्हणजे हाताने शिवलेली जाड वही. तिचे वडील कचेरीत लेखक होते. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीला मोडी शिकवली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा कपाटातली सगळ्यात जुनी पोथी कसरीने खाल्ली होती. हात लावला की भुगा पडे. तिने ती दोन वर्षं बसून, दुपारची कामं आवरल्यावर, उतरून घेतली. भूतविद्येचं पुस्तक होतं ते. अत्या सांगायच्या, "वहिनी लिहिताना हसायची. मी विचारायची, काय गं? तर म्हणायची, या भुताला नैवेद्याला काय काय लागतं बघ, आपल्या जावयालाही एवढं करत नाहीत."

ती जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. मूल नव्हतं. फोटो एक होता, त्यात ती हललेली होती. तेव्हा मागे राहिलं होतं ते हे अक्षर. अण्णा रोज सकाळी ते बाड लाल फडक्यातून सोडत, आत वेखंडाचे तुकडे आहेत का ते चाचपत, शेवटचं पान उघडत आणि भिंग धरत. मग भिंग ठेवून देत.

"तुम्हाला ते पान पाठ आहे ना?" मी म्हटलं.

"आहे. म्हणून काय झालं? देवाचं रूप पाठ असतं, तरी देवळात जाऊन बघतोच ना आपण?"

अशा दिवसांत सिनेमावाले आले.

म्हणजे एकच माणूस आला. पांढरा बुशशर्ट, कपाळावर गंध, हातात कातडी बॅग. मद्रासच्या स्टुडिओत एक कानडी सिनेमा तयार होत होता, त्याच्या कंपनीचा तो व्यवस्थापक होता. गोष्ट त्याने बसल्या बसल्या सांगितली. जगात तीन दुर्मीळ मंत्रग्रंथ असतात. तिन्ही एका ठिकाणी आले की मेलेला माणूस उठतो. एक दुष्ट माणूस ते चोरत सुटतो, नायक त्याच्या मागे. त्यासाठी एक खरंखुरं, जुनं, बघूनच धडकी भरेल असं पुस्तक हवं होतं.

"पुस्तक उंबऱ्याबाहेर जात नाही," अत्या आतूनच म्हणाल्या.

अण्णांनी मान वळवून, कडेने, त्या माणसाकडे बघितलं. मग विचारलं, "सिनेमात पान दाखवणार?"

"दाखवणार की. क्लोजअप."

"केवढं दिसेल?"

"पडद्याएवढं, सर! एकेक अक्षर माणसाएवढं."

मी पाटी घेऊन कोपऱ्यात बसले होते. अण्णांनी चाचपून भिंग उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

पुढचं समजायला एक गोष्ट माहीत हवी. अण्णांनी शेवटचा सिनेमा बघितला होता तो मुका. बायकोबरोबर. त्या काळात पडद्यावर चित्र थांबे आणि लिहिलेल्या ओळी येत, दोनतीन भाषांत, आणि थिएटरातल्या सगळ्यात मंद माणसाचं वाचून होईपर्यंत त्या जागच्या हलत नसत. ती भराभर वाचायची आणि अण्णांचं झालं नाही म्हणून त्यांना कोपराने ढोसायची. त्यांच्या लेखी सिनेमा म्हणजे अजूनही तेच होतं: अक्षर जिथे उभं राहतं ती जागा. मधल्या तीस वर्षांत सिनेमा बोलायला लागला आणि वाचायचा थांबला, हे त्यांना ऐकून माहीत होतं, पण बघून नव्हतं.

त्यांनी बाड द्यायचं कबूल केलं. अत्या दोन दिवस बोलल्या नाहीत. अण्णांनी मोबदला घेतला नाही, एक अट मात्र घातली. शेवटचं पान दाखवायचं. पूर्ण, सुलटं, आणि आठ श्वासांएवढा वेळ. चार ओळी होत्या. त्या डोळ्यांनी वाचायला आठ श्वास लागतात, हे त्यांनी आदल्या रात्री मोजून ठेवलं होतं.

"आठ काय, दहा दाखवू!" व्यवस्थापक म्हणाला. "पण काय लिहिलंय सर त्यात? शाप आहे का?"

"तुम्हाला चालेल," अण्णा म्हणाले.

आठवड्याने त्याचं पत्र आलं, इंग्रजीत, टाइप केलेलं. अण्णांनी ते माझ्यापुढे धरलं. पत्रात होतं की, आपल्या सूचनेप्रमाणे सदर पान शक्य तितपत पूर्ण दाखवण्यात येईल.

मी वाचून दाखवलं, "पान पूर्ण दाखवण्यात येईल."

'शक्य तितपत' मी गाळलं. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. ते पत्राकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचा चेहरा इतका उजळला होता की ते दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

चार महिन्यांनी बाड परत आलं. फडकं दुसरंच होतं. धुपाचा वास येत होता, पुठ्ठ्यावर मेण सांडलं होतं आणि वर चमकीच्या रंगाने एक भलामोठा उघडा डोळा काढला होता. अण्णांनी त्यावरून बोटं फिरवली.

"काय आहे हे?"

"डोळा," मी सांगितलं.

"डोळा मला हवा होता, कॉन्व्हेंटक्का," ते म्हणाले. "यांनी पुस्तकाला दिला."

आणि हसले. अत्या हसल्या नाहीत. मी शेवटचं पान उघडून बघितलं. खालच्या कोपऱ्यात, जिथे बोट धरून पान उलटतात, तिथे शाई पसरली होती. शेवटचा शब्द गेला होता. मी बाड मिटलं आणि सांगितलं की आत सगळं ठीक आहे. हे माझं दुसरं खोटं.

सिनेमा मॅजेस्टिकच्या बाजूच्या एका थिएटरात लागला. आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. अण्णांनी काळा कोट घातला, जरीकाठी पगडी बांधली आणि पुढच्या बाकांची तिकिटं काढायला लावली, कारण तिथून अक्षर मोठं दिसेल. तिथे शिट्ट्या मारणारी माणसं बसतात. मी पदर डोक्यावरून घेऊन बसले. आयुष्यात मी तिथे बसेन असं मला वाटलं नव्हतं, आमच्या आईला तर मुळीच नाही.

सिनेमाबद्दल मी फार सांगत नाही. अडीच तास वीज चमकत होती. स्मशानात एक नाच होता. नायकाचा मित्र दर दहा मिनिटांनी पांढरी चादर पांघरलेल्या कुणाला तरी भिऊन धोतर सोडत होता. घाबरलं असं एक तान्हं बाळ सोडून कोणी नाही. शेवटी कळलं की मेलेलं कोणी उठत नव्हतंच. सगळा नायकाच्या काकाचा इस्टेटीसाठी रचलेला बनाव होता. मागून कोणीतरी ओरडलं, "मग पुस्तकं कशाला चोरली रे?" या प्रश्नाचं उत्तर सिनेमात नव्हतं.

मध्यंतरानंतर बाड आलं. पुठ्ठ्यावरचा डोळा चमकला. मी अण्णांच्या कोटाची बाही धरली. नायकाने बाड उघडलं, धूर आला, आणि नायकाने आपलं बोट सावकाश, अगदी चवीने, जिभेला लावलं.

"ए! बोट! बोट काढ!"

अण्णा उभे राहून ओरडत होते. सगळं थिएटर हसलं. आणि त्याच वेळी, ते उभे असताना, पान आलं. उलटं. वरून विजा. मी मनात 'एक' म्हणायच्या आत ते गेलं आणि नायिकेची किंकाळी सुरू झाली.

ते खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "आता येईल ना?"

सिनेमा संपून दिवे लागेपर्यंत ते मान वळवून कडेने पडद्याकडे बघत राहिले.

घरी अत्यांनी विचारलं, "कसा होता सिनेमा?"

"लांब होता," अण्णा म्हणाले आणि न जेवता आडवे झाले. त्या घरात न जेवता कोणी आडवं झालेलं मी तेवढंच पाहिलं.

त्यानंतर ते सकाळी बाड सोडेनासे झाले. माझा पेन्सिलीचा आवाज ऐकत, पण हात उचलला तरी बोलत नसत. एक दिवस म्हणाले, "यादी झाली ना जवळजवळ? मग ये-जा कशाला करतेस इतक्या लांबून?" त्यांनी पत्राबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी बसमध्ये कंडक्टरला थांबा विचारायला लाजणारी मुलगी. पुढचं मी कसं केलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. एवढं खरं, की त्या थिएटरात सिनेमा सुरू व्हायच्या आधी केसांच्या तेलाच्या, साबणाच्या जाहिराती दाखवल्या होत्या. त्या हलत नव्हत्या. काचेवरच्या अक्षरांतून उजेड पाडून त्या दाखवत. त्या उभ्या राहत.

सिनेमातल्या चोराला पुस्तक चोरायला अडीच तास लागले. मला अत्यांशी एक वाक्य बोलावं लागलं. त्यांनी बाड माझ्या भाजीच्या पिशवीत घातलं, वर कोथिंबीर पसरली आणि म्हणाल्या, "झोपलाय तोवर परत आण. सरी? आणि बोट सांभाळ." फोटो स्टुडिओतल्या म्हाताऱ्याने पान खुर्चीवर उभं करून त्याचा फोटो घेतला आणि त्यावरून तळहाताएवढी काच करून दिली. उजेडात धरली की तिच्यात चार ओळी दिसत आणि कोपऱ्यात एक डाग.

थिएटरच्या मॅनेजरसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली. मग मी इंग्रजीत बोलले. इंग्रजीत मी कोणीतरी दुसरीच असते, ननच्या हाताखाली वाढलेली, ताठ मानेची. ते उठून उभेच राहिले.

"कसली जाहिरात आहे, मॅडम?"

"जाहिरात नाही. सूचना आहे."

"कोणत्या भाषेत?"

"मराठी. जुनी लिपी."

"आणि सूचना काय?"

मी तिसऱ्या ओळीचं भाषांतर करून सांगितलं. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये. या वेळी एकही शब्द गाळला नाही.

मॅनेजरांनी त्यातला 'थुंकी' तेवढा शब्द धरला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मला खिडकीतून जिन्याचा कोपरा दाखवला. तो वरपासून खालपर्यंत विड्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झाला होता. "कानडीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं, तमिळमध्ये लिहिलं," ते कळवळून म्हणाले. "मराठी तेवढी राहिली होती. थुंकीविरुद्ध असेल तर मॅडम, रोज दाखवतो!"

काच लावणारा ऑपरेटर तिथेच उभा होता. त्याला मी खरं ते सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "अय्यो, आठ श्वास मी वर बसून कुणाचे मोजू? असं करा, अक्का. तुम्ही हात वर करा. तुमचा हात वर आला की काढतो. तोवर नाही."

अण्णांना पुन्हा थिएटरात नेणं हे सगळ्यात अवघड गेलं.

"सुरुवात बघून येऊ," मी म्हटलं.

"त्याची सुरुवातच तर वाईट होती."

"जा रे," अत्या म्हणाल्या. "पोरगी कधी काही मागत नाही."

तिसरा आठवडा होता. थिएटर जवळजवळ रिकामं. आम्ही पुन्हा पुढच्या बाकावर बसलो. केसांचं तेल आलं. साबण आला. विडी-सिगारेट ओढू नये, हे आलं. मग पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्यावर एक रेघ आली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि रेघेला लटकलेली तिची अक्षरं.

अण्णांनी मान वळवली. त्यांना पडदा कडेनेच दिसत असे, त्यामुळे त्यांचा चेहरा पूर्ण माझ्याकडे आला. कोणाला वाटलं असतं, ते माझ्याकडे बघून बोलतायत.

मी श्वास मोजत होते. दोन झाले. मग अण्णा हलक्या आवाजात वाचू लागले.

"ही विद्या मूळ पोथीत जशी होती तशी उतरून घेतली."

मागे कोणीतरी शिट्टी मारली. "हे कसलं रे तेल?"

"चूक आढळल्यास ती मूळ पोथीची समजावी, माझी नव्हे." त्यांच्या घशातून एक आवाज आला. ते हसत होते. "बघितलंस? माझी नव्हे म्हणे. 'नव्हे'ला हात उचललाय तिनं. बघ. बघ ना."

खरंच उचलला होता. तिथे रेघेखाली एक बारीकशी फट होती. या पडद्यावर ती फट वीतभर दिसत होती.

"पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये."

आठ श्वास केव्हाच झाले होते. मागे बाकं वाजू लागली होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"वाचून झाल्यावर हात धुऊन जेवायला..."

ते थांबले. पुढे डाग होता. पडद्यावर तो भोपळ्याएवढा दिसत होता, आणि माझं दुसरं खोटं त्यात होतं. त्यांना तो दिसला हे मला कळलं. त्यांना तो शब्द पाठ होता. तरी ते म्हणाले नाहीत. वाट बघत राहिले, मी पाटीवर अडले की बघत तशी.

"वाच, कॉन्व्हेंटक्का," ते म्हणाले. "पुढं वाच."

"यावे," मी म्हटलं. बहुतेक मोठ्याने म्हटलं, कारण मागचे लोक एकदम गप्प झाले.

अण्णांनी मान हलवली. आणखी थोडा वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी पगडी सारखी केली आणि म्हणाले, "झालं. आता काढायला सांग. लोकांचा खोळंबा होतोय."

मी हात वर केला.

सिनेमा सुरू व्हायच्या आत आम्ही बाहेर पडलो. बाहेर ऊन होतं. रस्त्यात ते म्हणाले, "तुझ्या त्या पत्रात आणखी काहीतरी होतं. वाचताना तू मधेच हात उचलला होतास." मी हो म्हटलं. "सरी," ते म्हणाले, आणि तो विषय तिथे संपला.

अत्या दारातच होत्या.

"एवढ्यात आलात? कसा होता सिनेमा?"

अण्णा मोरीकडे वळले होते. पाण्याचा तांब्या चाचपत म्हणाले, "छोटा होता. पण फार छान होता."

मग त्यांनी हात धुतले, माझ्याही हातांवर पाणी घातलं, आणि आम्ही पानावर बसलो.